वाचकांचे प्रश्न : घरचे लोणी काढताना आणि विकताना

एक-दोन जनावरे असलेल्या घरांतून लोण्याविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. एकाच गोष्टीवर अनेकांनी लिहिले असेल, तिथे प्रश्न एकच केला आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण लोणी बिघडण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली असतात.

प्रश्न : तासभर घुसळूनही लोणी येत नाही, नुसता फेस वर येतो. कधी दहा मिनिटांत येते, पण ते तेलकट आणि पातळ असते. साय तीच, भांडे तेच. मग चुकते कुठे?

तापमानात. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत. दुधातली चरबी बारीक गोळ्यांच्या रूपात असते. घुसळताना हे गोळे एकमेकांवर आपटून चिकटायला हवेत, आणि त्यासाठी त्यांतली चरबी थोडी घट्ट, थोडी मऊ असावी लागते. साय फार गार असेल तर गोळे कडक राहतात, आपटतात आणि वेगळे होतात. हवा मात्र आत शिरते, म्हणून फेस. फार कोमट असेल तर चरबी वितळलेली असते. ती पटकन एकत्र येते, पण बरीचशी ताकातच राहते आणि हाती येते ते मेणचट लोणी.

गाईची साय किंवा क्रीम घुसळायला घेताना १० ते १२ अंश सेल्सिअस ठेवा. म्हशीची चरबी जरा कडक असते, तिला १२ ते १४ अंश लागतात. उन्हाळ्यात या पट्ट्याच्या खालच्या टोकाला राहा, थंडीत वरच्या. घुसळताना साय आपोआप दोन-तीन अंशांनी तापते, हेही धरून चाला. सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्याच; या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. बोट बुडवून १० आणि १५ अंशांतला फरक कळत नाही, आणि सगळा खेळ तेवढ्याच फरकाचा आहे.

आकडा पाळूनही वेळ जुळत नसेल तर वेळेलाच प्रमाण माना. रवीने किंवा फिरत्या भांड्यात ३० ते ४० मिनिटांत दाणा पडला, म्हणजे लोण्याचे कण सुटले, तर तापमान बरोबर होते. वीस मिनिटांच्या आत पडला तर पुढच्या वेळी एक-दोन अंश कमी करा. तासाच्या पुढे गेले तर तेवढेच वाढवा. चारा बदलला की चरबीचा कडकपणाही बदलतो. सरकी जास्त असेल तर चरबी कडक होते, हिरवा चारा भरपूर असेल तर मऊ. म्हणून गेल्या महिन्याचे तापमान या महिन्यात चालेलच असे नाही.

तापमानाखेरीज तीन गोष्टी तपासा. एक, साय किमान आठ-दहा तास, म्हणजे रात्रभर, ५ ते ८ अंशांवर थंड झालेली असावी. आताच गार केलेली साय वरून थंड लागते, पण आतली चरबी गोठायला वेळ घेते. दोन, भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. फेस फुगायला आणि साय आपटायला जागा हवी. तीन, हाताने गोळा केलेली साय फार घट्ट असते. ती भांड्याच्या कडेला चिकटून नुसती गोल फिरते. तिच्यात उकळून गार केलेले पाणी घालून ती ओतता येईल इतकी सैल करा.

फेसावर अडकलात तर आत गरम पाणी ओतू नका. त्याने काही भाग वितळतो आणि उरलेला तसाच राहतो. भांडे कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, दोन अंश चढू द्या, मग पुन्हा घुसळा.

मिक्सरवर काढत असाल तर पात्याने साय फार लवकर तापते. बर्फासारखे गार पाणी घाला, थांबत थांबत फिरवा आणि दाणा दिसला की त्या क्षणी बंद करा. थांबायची खूण सगळ्या पद्धतींत एकच : आवाज बदलतो, ताक पातळ होऊन सुटते आणि लोणी ज्वारीच्या दाण्याएवढे होते. गोळा होईपर्यंत घुसळत राहिलात तर ताक लोण्याच्या पोटात कोंडले जाते, आणि मग ते कितीही धुतले तरी निघत नाही.

प्रश्न : दोन म्हशी आहेत. घरचे काढून रोज दहा लिटर दूध उरते. त्यातून किती लोणी निघायला हवे? क्रीम सेपरेटर (दुधातून क्रीम वेगळे काढणारे यंत्र) घ्यावा का?

हिशोब मांडू. दहा लिटर दुधाचे वजन साधारण १०.३ किलो. फॅट ७ टक्के लागत असेल तर त्यात सुमारे ७२० ग्रॅम चरबी आहे. चांगल्या चालणाऱ्या सेपरेटरने निघालेल्या दुधात ०.१ टक्क्याच्या आसपास चरबी राहते, म्हणजे आठ-नऊ ग्रॅम. ताकात तेवढीच जाते, थोडी भांड्यांना लागते. हाती येते ती साधारण ६९० ग्रॅम चरबी. लोण्यात ८० ते ८१ टक्के चरबी धरली तर सुमारे ८५० ग्रॅम लोणी झाले पाहिजे.

दूध तापवून वरची साय काढण्याच्या पद्धतीत खालच्या दुधात दीड-दोन टक्के चरबी सहज राहते. त्यामुळे लोणी ६०० ते ६५० ग्रॅमच्या आसपास थांबते. पण राहिलेली चरबी वाया गेली असे समजू नका. ते दूध घरात चांगले लागते. दूध घरातच संपत असेल तर सेपरेटर घेऊ नका. दूध रोज दहा लिटरच्या वर असेल आणि लोणी विकायचे असेल, तरच घ्या.

घेतलात तर एवढे सांभाळा. दूध ३५ ते ४० अंशांवर, म्हणजे ताज्या धारेइतके कोमट असावे. गार दूध घातले की क्रीम तबकड्यांत चिकटते आणि चरबी खालच्या दुधातून निघून जाते. हाताने फिरवायच्या यंत्रात आधी पूर्ण वेग धरा, मगच दुधाचा नळ सोडा. तबकड्यांवर क्रमांक असतात, त्या त्याच क्रमाने लावा. क्रीमचा स्क्रू आत फिरवला की क्रीम घट्ट येते, बाहेर काढला की पातळ. लोण्यासाठी ३५ ते ४० टक्के चरबीचे क्रीम सोयीचे. काम झाले की यंत्र लगेच सुटे करून धुवा. दोन तास तसेच राहिले तर तबकड्यांमधला गाळ वाळतो आणि दुसऱ्या दिवशीच्या क्रीमला वास लागतो.

चरबी वाया जाते का हे पाहायचे असेल तर ताक किंवा निघालेले दूध काचेच्या पेल्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर जाड थर दिसला तर तापमान किंवा वेग चुकतो आहे.

प्रश्न : लोणी चार दिवसांत आंबते. ठेवल्यावर त्यातून पाणीही सुटते.

पाणी सुटते म्हणजे लोणी नीट मळलेले नाही, आणि आंबते म्हणजे नीट धुतलेले नाही किंवा ज्या पाण्याने धुतले तेच स्वच्छ नव्हते. घरच्या लोण्याचा नाश बहुतेक वेळा या धुण्याच्या पाण्यामुळे होतो. दूध तापवतो, भांडी उकळतो आणि शेवटी विहिरीचे किंवा टाकीचे कच्चे पाणी ओततो. थंडीतही वाढणारे जिवाणू त्या पाण्यातून थेट लोण्यात जातात आणि फ्रिजमध्येही काम करत राहतात. धुण्याचे पाणी पाच मिनिटे खळखळ उकळून, झाकून गार केलेलेच वापरा.

दाणे पडले की ताक गाळून टाका. जेवढे ताक निघाले तेवढेच पाणी ओता. हे पाणी ताकापेक्षा एक-दोन अंशांनी गार असावे. बर्फाचे पाणी घातले तर दाणे इतके कडक होतात की नंतर जुळून येत नाहीत आणि लोणी भुरभुरीत राहते. हलवा, गाळा, पुन्हा एकदा करा. दुसरे पाणी जवळजवळ नितळ निघाले की पुरे. त्यापुढे धुतले तर चव जाते, टिकाऊपणात मात्र फरक पडत नाही.

मग मळणे. थंड परातीत लाकडी फळीने किंवा उलथन्याने लोणी दाबा, पसरा, घडी घाला, परत दाबा. हाताची ऊब लागू देऊ नका. दाबल्यावर थेंब दिसेनासे झाले आणि सुरीने कापल्यावर कापाच्या तोंडावर ओले मणी आले नाहीत, की थांबा. पाणी लोण्यातून पूर्णपणे कधीच जात नाही. मळून आपण ते अतिशय बारीक थेंबांत वाटून टाकतो. त्या इवल्या थेंबात अडकलेल्या जिवाणूला खायला फारसे उरत नाही, म्हणून तो वाढत नाही. मोठ्या थेंबात मात्र तो फोफावतो. जास्त मळले तर लोणी चिकट आणि निस्तेज होते, तेव्हा तिथेही हात आवरा.

ओलावा घरी मोजता येतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. स्टीलच्या वाटीत बरोबर ५० ग्रॅम लोणी घ्या, मंद आचेवर ठेवा. तडतड थांबली आणि बेरीला किंचित रंग येऊ लागला की लगेच उतरवा. करपू देऊ नका. गार झाल्यावर वजन करा. आठ ग्रॅम घटले तर ओलावा १६ टक्के. याहून जास्त घट आली तर ते लोणी आणखी मळायला हवे. ही चाचणी विकणाऱ्याने प्रत्येक खेपेला करावी, आणि का ते पुढे नियमांच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : मीठ किती आणि कधी घालावे?

किलोला १५ ते २० ग्रॅम, बारीक दळलेले. धुऊन झाल्यावर आणि अर्धे मळून झाल्यावर पसरून भुरभुरा, १०-१५ मिनिटे थांबा, मग मळणे पूर्ण करा. जाड मीठ विरघळत नाही, दाताखाली येते आणि त्याच्याभोवती पाणी जमून लोण्यावर ठिपके पडतात. किलोभर लोण्यात सुमारे १५० ग्रॅम पाणी असते. सगळे मीठ त्या पाण्यातच उतरते. म्हणजे २० ग्रॅम मिठाने त्या थेंबांची खारटी जवळजवळ १२ टक्के होते. मिठाचे लोणी टिकते ते यामुळे. मळणे कच्चे असेल तर काही थेंबांत मीठ पोचत नाही आणि मिठाचा उपयोग तेवढा कमी होतो.

प्रश्न : लोण्याला कधी कडवट, कधी साबणासारखा, कधी धातूसारखा वास येतो. ताजे असतानाही.

प्रत्येक वासाचे मूळ वेगळे आहे.

कडवट किंवा साबणासारखा वास कच्च्या दुधातल्या लायपेज या विकरामुळे येतो. ते चरबी तोडते. दूध उंचावरून ओतणे, खूप हिंदकळणे, फेस आणणे, गार कच्च्या दुधात ताजी कोमट धार मिसळणे, या सगळ्याने चरबीच्या गोळ्यांवरचे आवरण फाटते आणि विकराला वाट मिळते. आटत आलेल्या जनावराच्या दुधात हा त्रास जास्त दिसतो. उपाय एकच : धार काढल्यावर दूध लवकर तापवा, म्हणजे विकर मरते. एकदा आलेला वास मात्र तापवून जात नाही, तूप केले तरी मागे राहतो.

धातूसारखा, चरबट वास तांबे किंवा लोखंड लागल्याने येतो. कल्हई उडालेले पितळी भांडे, गंजलेली कडी, झिजलेली गाळणी शोधा आणि बाजूला करा. उजेडानेही हाच दोष येतो, म्हणून लोणी पारदर्शक डब्यात उघड्यावर ठेवू नका.

फळासारखा किंवा यीस्टचा वास म्हणजे साय फार दिवस साठवली. फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांच्या पुढे साय जमवू नका. शेवटची साय घातल्यावर लगेच घुसळूही नका. आंबट आणि गोड साय एकत्र असेल तर आंबट सायीचे लोणी आधी येते आणि गोड सायीची चरबी ताकात जाते. सगळी साय एकत्र करून, किलोला दोन चमचे ताजे दही लावून, विरजू द्या आणि मग रात्रभर गार करा.

मुरघास, कोबीचा पाला, कांद्याची पात धारेच्या आधी खाऊ घातली तर वास दुधात उतरतो. हे खाद्य धार झाल्यावर द्या. आणि फ्रिजमध्ये लोण्याशेजारी कापलेला कांदा नको. चरबी आजूबाजूचा वास ओढून घेते.

प्रश्न : शेजारच्या म्हशीच्या तेवढ्याच दुधाला आमच्यापेक्षा जास्त लोणी निघते. खाद्य सारखेच आहे.

वासरू कधी सोडता? एकाच धारेतले पहिले दूध पातळ असते, एक-दोन टक्के फॅटचे. शेवटचे दूध सर्वांत दाट, आठ-दहा टक्क्यांपर्यंत जाते. पान्हा सोडवायला वासरू लावून, दूध काढून, शेवटच्या धारा त्यालाच ठेवत असाल तर लोण्याचा सगळ्यात चांगला भाग वासरू पितो. वासराला त्याच्या वाट्याचे दूध हवेच, त्यात कपात करू नका. त्याला एक सड पूर्ण सोडा किंवा मोजून पाजा, आणि बाकीचे सड शेवटच्या धारेपर्यंत रिकामे करा. कासेत दूध राहणे तसेही दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण असते.

फरक तरीही राहिला तर वैरण पाहा. खुराक वाढवून कडबा आणि सुका चारा कमी केला की दूध वाढते आणि फॅट पडते. चरबी बनायला लागणारे ॲसिटिक आम्ल पोटात चोथ्यापासून तयार होते. खाण्याच्या एकूण कोरड्या भागात निम्म्याच्या आसपास वैरण असू द्या. बुरशी आलेली पेंड तर कधीच घालू नका. तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते.

प्रश्न : गिऱ्हाईक 'कच्च्या सायीचेच लोणी द्या' म्हणते. द्यावे का?

देऊ नये. ब्रुसेला, क्षयाचे जंतू आणि लिस्टेरिया कच्च्या दुधातून सायीत आणि सायीतून लोण्यात येतात. घुसळल्याने ते मरत नाहीत. ब्रुसेलाचा ताप माणसात आठवडेच्या आठवडे जात-येत राहतो, सांधे धरतात आणि गर्भवतीला धोका असतो. आपल्या घरी जे खायचे ते आपण ठरवू. विकत घेणाऱ्याच्या घरात कोण आहे हे आपल्याला माहीत नसते.

दुधासाठी ६३ अंशांवर ३० मिनिटे ही पाश्चरीकरणाची ओळखीची पद्धत आहे. सायीतली चरबी जंतूंना उष्णतेपासून आडोसा देते, म्हणून क्रीमला जास्त उष्णता लागते. क्रीमचे भांडे पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा, ढवळत ७५ अंशांपर्यंत न्या आणि ३० मिनिटे तिथेच धरा. मग भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर गार करा. त्याने लायपेजही मरते. चवीची काळजी असेल तर गार झाल्यावर ताजे विरजण लावा. लोण्याचा सुवास विरजणातून येतो.

जनावराकडेही लक्ष हवे. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस एकदाच टोचतात. २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुतबरोबर हा रोगही आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

प्रश्न : दगडीवर औषध चालू आहे. दुसऱ्या सडांचे दूध लोण्याला चालेल का?

नाही. औषध एका सडात सोडले तरी ते रक्तातून सगळ्या कासेत पोचते. औषधाच्या वेष्टणावर जितके दिवस दूध वापरू नये म्हणून लिहिलेले असते, तितके दिवस शेवटच्या मात्रेपासून मोजा आणि चारही सडांचे दूध बाजूला ठेवा. विरजण लावलेली साय अचानक आंबेनाशी झाली तर दुधात प्रतिजैविक असल्याची शंका घ्या. ते विरजणातले जिवाणू मारते.

लपलेली दगडी ओळखायला पाण्यात ३ टक्के धुण्याची पावडर विरघळवा आणि एकेका सडाच्या दुधात सारखेच मिसळून हलवा. मिश्रण जेलीसारखे ताणले गेले तर त्या सडात दोष आहे. असे दूध लोण्याला घेऊ नका. व्यायल्यानंतरचे पाच दिवसही दूध वगळा.

प्रश्न : शेजारच्या चार-पाच घरांना लोणी देते, व्हॉट्सॲपवर मागणी येते. यालाही परवाना लागतो का? आम्ही दूध सोसायटीला घालतो.

नोंदणी लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये अन्न व्यवसायाची व्याख्या रुंद आहे : नफा होवो अगर न होवो, अन्न तयार करणे, बांधणे, साठवणे, विकणे हे सगळे त्यात येते. दुकान असण्याची अट नाही. पाहुण्याला बरणीभर लोणी भेट देणे वेगळे. पैसे घेऊन नियमाने देऊ लागलात की तुम्ही त्या व्याख्येत आलात.

सोसायटीच्या सभासदत्वाने गोंधळ होतो, म्हणून नीट पाहा. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद आपले सर्व दूध संस्थेला घालत असेल, तर त्याला या नोंदणीतून सूट आहे. तुम्ही काही दूध मागे ठेवून त्याचे लोणी विकता. ती सूट तुम्हाला लागू नाही.

घरगुती उत्पादकाला मोठा परवाना घ्यावा लागत नाही, लहान व्यावसायिकाची नोंदणी पुरते. २०११च्या नियमांनी तिची सीमा वर्षाला १२ लाख रुपयांची उलाढाल अशी आखली आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. सीमा आणि शुल्क बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी एफएसएसएआयच्या (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या) फॉस्कॉस संकेतस्थळावरचा आकडा पाहा आणि तोच धरा. अर्ज तिथेच करायचा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता लागतो. अर्जात लोण्याबरोबर तूप, ताक, दही, जे जे विकणार ते सगळे नोंदवा, म्हणजे पुन्हा धावपळ नको.

अर्जानंतर सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असे नियम सांगतो. तपासणी निघाली तर तीस दिवस. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो. नोंदणीचा २ने सुरू होतो, परवान्याचा १ने. प्रमाणपत्र काम चालते तिथे दिसेल असे लावा.

तपासणीला कोणी आले तर त्यांना काय दिसले पाहिजे? गोठ्यापासून वेगळी, धुता येणारी जागा, जाळ्या लावलेल्या खिडक्या, झाकणाचा कचऱ्याचा डबा, पिण्यायोग्य पाणी, हात धुण्याची सोय, आणि काम करणाऱ्याला जखम किंवा सांसर्गिक आजार नसणे. स्वयंपाकघरातच काढत असाल तर लोण्याची वेळ आणि घरच्या स्वयंपाकाची वेळ वेगळी ठेवा.

प्रश्न : पाकिटावर काय काय लिहायचे? मराठीत लिहिले तर चालते का?

नुसते मराठीत चालत नाही. कायद्याने लागणारा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. त्याच्या जोडीला मराठी लिहायला पूर्ण मोकळीक आहे. दोन्ही भाषा घाला.

पदार्थाचे नाव, घटक (क्रीम, मीठ असल्यास मीठ), निव्वळ वजन, तुमचे नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचे चिन्ह व १४ अंकी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, साठवण्याची सूचना, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, 'दूध आहे' ही ॲलर्जीची सूचना आणि प्रति १०० ग्रॅम पोषणमूल्ये. वैधमापनाच्या (वजन-मापांच्या) २०११च्या नियमांप्रमाणे सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्कही हवा. पाकिटे बांधायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा असतो. वजनकाटा पडताळणी करून मुद्रांकित केलेला असावा. स्वयंपाकाचा छोटा काटा विक्रीच्या वजनाला चालत नाही.

गिऱ्हाईक स्वतःचा डबा घेऊन येते आणि तुम्ही समोर मोजून देता, तर तो पाकीटबंद माल नाही आणि लेबलचे हे नियम त्याला लागत नाहीत. नोंदणी मात्र तरीही हवी. सुरुवातीला अशीच विक्री करावी असे आम्ही सुचवू.

'शुद्ध', 'ताजे', 'नैसर्गिक' हे शब्द सहज छापू नका. २०१८च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत त्यांच्यासाठी अटी आहेत. वापरण्याची मुदतही अंदाजाने लिहू नका. एकाच बॅचमधली काही पाकिटे फ्रिजमध्ये ठेवा, दर दोन दिवसांनी एक उघडून वास, चव आणि पृष्ठभाग पाहा. पहिला दोष ज्या दिवशी दिसेल त्याच्या बऱ्याच आधीची मुदत छापा. नीट धुतलेले बिनमिठाचे लोणी ४ अंशांवर आठवडाभर टिकते असे धरून सुरुवात करायला हरकत नाही. उणे १८ अंशांवर ते काही महिने राहते.

प्रश्न : लोण्यात किती चरबी हवी याचा नियम आहे का?

आहे. टेबल बटरसाठी दुधाची चरबी किमान ८० टक्के, ओलावा कमाल १६, चरबीखेरीज दुधातले घन पदार्थ कमाल २ आणि मीठ कमाल ३ टक्के. एक गोष्ट सहज निसटते : १६, २ आणि ३ यांची बेरीज २१ होते. तिन्ही कमाल मर्यादा गाठल्या तर चरबी ७९वर येते आणि माल नापास होतो. मीठ ३ टक्के घालायचे असेल तर ओलावा १५च्या आत आणा. मीठ २ टक्के ठेवले तर १६ टक्के ओलावाही जेमतेम बसतो. वरची ५० ग्रॅमची चाचणी यासाठीच. आपण घट ७.५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे १५ टक्क्यांवर, ठेवायची सवय लावली तर चुकीला जागा राहते. घन पदार्थ वाढले असतील तर धुणे कमी पडले आहे.

वनस्पती तूप किंवा तेल किंचितही मिसळले तर ते लोणी राहत नाही. हा भेसळीचा गुन्हा आहे, दर्जातली उणीव म्हणून सुटका होत नाही. म्हशीचे लोणी पांढरे, गाईचे पिवळसर असते. गिऱ्हाईकाला तसे सांगा, हळद लावू नका.

प्रश्न : सेपरेटरमधून निघालेले दूध विकता येईल का?

'दूध' म्हणून विकता येणार नाही, आणि दुसऱ्या दुधात मिसळून सोसायटीला तर मुळीच घालू नका. ते स्किम्ड दूध आहे. त्याचे मानक चरबी कमाल ०.५ टक्के आणि चरबीविरहित घन पदार्थ किमान ८.७ टक्के असे वेगळे आहे. विकायचे तर त्याच नावाने. सोपा मार्ग म्हणजे त्याचे दही किंवा ताक करणे, तेही नोंदणीत दाखवून. वासरांना द्यायचे असेल तर चार-पाच आठवड्यांनंतर, हळूहळू वाढवत. चरबीची उणीव खुराकाने भरून काढावी लागते.

प्रश्न : जीएसटी लागतो का? आणि शहराच्या हद्दीत एक गाय ठेवली तर?

लोण्यावरचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के आहे. पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

गाईबद्दल : महाराष्ट्रात नागरी भागांतली गुरे पाळणे आणि हलवणे यांवर १९७६चा स्वतंत्र कायदा आहे. तो लागू असलेल्या हद्दीत एका जनावरालाही परवाना लागतो. जनावर आणण्याआधी नगरपालिकेत किंवा महापालिकेत लेखी विचारा, आणि लोण्याच्या नोंदणीचा अर्ज त्यानंतरच भरा, कारण अर्जातला पत्ता तोच असणार आहे.